शेवटची चार पानं

उन्नती पुस्तकाच्या शेवटाला आली होती. अजून सात-आठ पानं असतील असं तिला वाटत होतं. खरी उरली होती तीनच. त्यापुढची चार तिच्या नवऱ्याने, हिरामणने, सकाळी ती मासळी आणायला गेली असताना फाडून न्हाणीच्या चुलीत घातली होती.

एकला लाईट गेली होती, ती पाचशिवाय यायची नव्हती. नारपोलीतले सगळे यंत्रमाग गप्प होते. घराला लागून हिरामणचा कारखाना, तिथले बाराही माग गप्प. हिरामण ओटीवर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला होता आणि कडेने बायकोकडे बघत होता. ती दाराशी उजेडाला बसून वाचत होती.

ती खुदकन हसली. हिरामणने पान उगाच उलटलं.

या हसण्यानेच त्याचं डोकं उठवलं होतं. माग चालू असताना घरात कोण हसतंय, कोण रडतंय, काही ऐकू येत नाही. या उन्हाळ्यात भारनियमन वाढलं आणि हिरामणला कळलं, आपली बायको दुपारची एकटीच हसते. पहिल्या दिवशी तो अनवाणी धावत आला होता, आत कोण शिरलंय ते बघायला. आत कोणी नव्हतं. गल्लीतल्या केसरीनाथच्या वाचनालयातलं पुस्तक होतं, एका भुरट्या चोराच्या फजितीची कादंबरी. ती संपली की तसलीच दुसरी यायची. माणूस असता तर हिरामणने त्याच्या दोन कानाखाली दिल्या असत्या. पुस्तकाचं काय करणार?

बरं, हिरामण म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. नारपोली ते कामतघर कुणाचीही हळद असो, हिरामण बोलायला उभा राहिला की बाया पोट धरून लोळायच्या. एक उन्नती तेवढी पुढे बसून पदर सारखा करायची. अकरा वर्षं हेच. आणि आता कुठला कोण कागदावरचा चोर हिला गुदगुल्या करत होता. हिरामणचा नुसता जळफळाट होत होता, आणि तो कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

त्याचा बेत साधा होता. चोरीच्या गोष्टीचा जीव शेवटच्या पानात असतो, हे न वाचणाऱ्यालाही कळतं. चोर कोण ते कळलं नाही की ही तडफडणार. मग शेवट आपण सांगायचा, आपल्या पद्धतीने. म्हणून चुलीत घालण्याआधी त्याने ती चार पानं दोनदा वाचली होती. त्याला काडीचंही हसू आलं नव्हतं.

उन्नतीने पान उलटलं आणि एकदम पुठ्ठाच आला. ती थबकली. शिवणीजवळ राहिलेल्या कागदाच्या चिंध्या तिने बोटाने चाचपून पाहिल्या.

"काय झाला गो?" हिरामणने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"शेवटची पाना न्हाईत."

"आरं देवा! मंग चोर कोन, त्या कसा कलनार आता तुला?"

"चोर कोन त्या पयल्याच पानावर सांगितलाय," ती म्हणाली. "तो लपायला जातो न् दर वेलेला आपल्याच तोंडानं फसतो, त्याची मजा."

आणि पुस्तक मिटून ती चुलीवरचं बघायला उठू लागली. काही अडलं नव्हतं तिचं. बेत हातचा जातोय हे बघून हिरामण घाईने उभा राहिला, हळदीत राहायचा तसा, एक हात कमरेवर ठेवून.

"आगो थांब, मी सांगतू ना! तो चोर शिरतो गच्चीवरच्या पान्याच्या टाकीत. मागशी फौजदार येतो. टाकीवर काठी ठोकून इचारतो, टाकीत कोन हाय रं?" इथे हिरामणने नाक दाबलं. "आतशी आवाज येतो, कोनी न्हाय, सायेब!"

तो थांबला. मंडपात इथे हशा कोसळला असता. उन्नती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

"तुमाला कसा ठाव?"

"मना? अंदाज."

"फौजदाराच्या काठीसकट अंदाज?"

हिरामण वर्तमानपत्र उचलून त्याच्या घड्या घालू लागला.

"पाना कोनी फारली?"

"कोनी न्हाय," हिरामण म्हणाला.

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याच्या ध्यानात आलं.

उन्नतीला आधी ठसका लागला. मग ती जी हसत सुटली, ती भिंतीला टेकून खालीच बसली. थांबायची आणि त्याच्या तोंडाकडे बघून पुन्हा सुरू व्हायची. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. अकरा वर्षांत हिरामणने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्याला बरंही वाटत होतं आणि लाजही वाटत होती, आणि रागावायचं तर राहूनच गेलं होतं.

"हलदीत येवरा गला फारतू," तो अखेर कुरकुरला, "तवा कदी हसली न्हाईस."

"तवा तुमी हसवायला करता," तिने पदराने डोळे पुसले. "आता खरेखुरे सापरलाव."

मग तिने सरकून दाराशी जागा केली आणि फरशीवर हात थोपटला.

"बसा. मंग पुढं काय झाला त्या चोराचा?"

म्हणजे अजून त्याचंच!

हिरामण तिच्याजवळ बसला आणि सांगू लागला. पुस्तकातला चोर शेवटी सुटला होता, फौजदारानेच त्याला अंग पुसायला टॉवेल दिला होता. हिरामणने मात्र त्याला गचांडी धरून टाकीतून बाहेर ओढला आणि साऱ्या गल्लीसमोर मनसोक्त हाणला.