पहिलं नाव

मज्जातंतूंच्या एका दुर्मिळ आजारावर डॉ. इक्रा कितीतरी वर्षं झिजली. रोज उलव्याहून नेरुळच्या हॉस्पिटलला यायचं, पेशंट तपासायचे, संशोधनाचे पेपर लिहायचे. आणि छापून येताना पहिलं नाव कुणाचं? विभागप्रमुख मढवी सरांचं. विभागाची पद्धतच तशी! हिचं नाव कुठेतरी शेवटी, कधी तर तेही नाही.

"टेन्शन नको घेऊस गं, पुढच्या वेळी बघू," हे सरांचं ठरलेलं. शेवटी वैतागून तिने राजीनामा दिला.

महिन्याभरात सरांचेच पाय बधिर व्हायला लागले. नेमका तोच आजार निघाला. आता इक्राला कोणत्या तोंडाने विचारणार? घाबरून त्यांनी दिल्लीच्या नामांकित तज्ज्ञाला फोन लावला.



"सर, चेष्टा करताय का? या आजारात आमचं अडलं, की आम्ही तुमचेच पेपर उघडतो!"