पुसलेलं रीडिंग

बारावीतल्या स्वतःला काय सल्ला द्याल, असं अमरावतीच्या कॉलेजात सगळ्यांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, तेव्हा कांचनने कोरीच चिठ्ठी डब्यात टाकली होती. दिवाळीत ती बार्शीटाकळीला घरी आली, तर आता बारावीत असलेल्या धाकट्या बहिणीने तिची जुनी रसायनशास्त्राची प्रयोगवही मागितली. “मले उतरवून घ्याची हाये.” कांचननेही ती शेजारच्या आरतीताईच्या वहीवरून उतरवली होती, आरतीताईने कोणाची उतरवली, देव जाणे. सगळ्यांचं रीडिंग तेच, सगळ्यांना प्रात्यक्षिकात तीसपैकी तीस. पण पुढे अमरावतीत सरांनी पहिल्यांदा ब्युरेट, द्रव मोजायची काचेची नळी, हातात दिली, तेव्हा ती धरायची कुठून हेच तिला ठाऊक नव्हतं. कांचनने खोडरबर घेतलं, पेन्सिलीने लिहिलेलं एकूणएक रीडिंग सावकाश पुसलं आणि वही बहिणीपुढे ठेवली. “आकृत्या उतरव. आकडे लॅबमंदून आन.” “लॅबले तं कुलूप रायते, ताई.” “मंग चाबी मांग. म्या कदी मांगतलीच नाई.”