मेलबर्नचा वाचक

"मरण कशानं आलं म्हणून टाकू, काका?" राजकुमारनं कीबोर्डवरचे हात न उचलता विचारलं.

"अल्पशा आजारानं," माणिकराव म्हणाले. "आपल्या पेपरात सगळे त्यानंच मरतात."

राजकुमार हसला नाही. समोरच्या पडद्यावर माणिकरावांचाच फोटो होता, काळ्या चौकटीत. फोटो चांगला निवडला होता. जिवंतपणी एवढे देखणे ते क्वचितच दिसत.

दैनिक 'घाटहाक'चे मालक, संपादक, प्रकाशक, सगळं तेच. बुलढाण्यात बसून त्यांनी गेल्या वर्षी परदेश आवृत्ती काढली, तेव्हा गावानं त्यांची भरपूर फिरकी घेतली. अमडापूरला गठ्ठा वेळेवर पोचत नाही आणि म्हणे मेलबर्न! पण साखरखेर्ड्याची, चिखलीची पोरं मस्कत, दुबई, जर्मनी अशी कुठं कुठं पांगली होती. गावचं लग्न, गावचं भांडण, गावचं मरण त्यांना रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर मिळू लागलं आणि आवृत्ती चक्क चालली. माणिकरावांचे सत्कार झाले. 'जिल्ह्याचा आवाज सातासमुद्रापार' हे वाक्य ते प्रत्येक सत्काराला नव्यानं सुचल्यासारखं म्हणत.

खरं कारण त्यांनी राजकुमारलाही आजच सांगितलं होतं. त्यांना एकच वाचक हवा होता. प्रसेनजित, त्यांचा मुलगा.

पेपर सांभाळायला नकार देऊन तो मेलबर्नला निघाला, तेव्हा माणिकराव भर ऑफिसात बोलून गेले होते, "मले पुन्हा तोंड दाखवू नोको." पोरगा हट्टात बापावरच गेलेला. त्यानं ते शब्दशः ऐकलं. पुढं माणिकरावांची बायपास झाली, तेव्हाही तो आला नाही. आधी आईला फोन तरी करायचा, ऑपरेशननंतर तेही थांबलं. त्याची आई जनकाबाई कधीमधी म्हणत, "मेसेज आला होता त्याचा. बाबा गोळ्या वेळेवर घेतात का म्हने." माणिकराव अंकात डोकं खुपसून ऐकत आणि सगळा दिवस तेवढ्यावर काढत.

परदेश आवृत्ती निघाली तेव्हा एकट्या जनकाबाईंनाच आनंद झाला नव्हता. "त्याले काऊन पाठवता अंक? राहू द्या ना त्याले त्याच्या जागी," एवढंच त्या बोलल्या होत्या.

माणिकरावांनी पाठवलाच. फोनही दोनदा केला. तो उचलला गेला नाही. पण रोजच्या अंकाला दोन निळ्या खुणा मात्र न चुकता पडत. वाचतो, पण बोलत नाही. माणिकरावांचं काळीज त्या खुणांनी रोज थोडं थोडं तुटत होतं.

"काकू काय म्हनतीन?" राजकुमारनं विचारलं.

"तिले सांगू नोको. हे पान फक्त त्या एका नंबरवर जाईन. पोरगा घाबरून निघाला की एअरपोर्टवर मी सोता उभा राहीन. दे म्हनीन काय शिव्या द्यायच्या त्या."

"पण काका, आपला नियम..."

नियम माणिकरावांनीच घातलेला होता. घरच्या माणसाशी बोलल्याशिवाय निधन छापायचं नाही. त्यामुळं कुणाच्या मरणाची आवई उठली की जिल्ह्यात लोक एकमेकांना विचारत, 'घाटहाक'मध्ये आलंय का? आलं असेल तर ते खरंच, यावर कुणी वाद घालत नसे.

"हाव ना," माणिकराव म्हणाले. "घरचाच मानूस बोलून राह्यला तुह्याशी. टाक."

राजकुमारनं त्यांच्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून तो टाइप करू लागला. जलदानविधी व पुण्यानुमोदनाचं ठिकाण, आणि त्यांच्या पश्चात पत्नी जनकाबाई, मुलगा प्रसेनजित, सून सारिका असा परिवार आहे. 'मुलगा' लिहिताना त्याची बोटं अडखळली. माणिकराव तेव्हा चष्मा पुसत होते.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. जनकाबाई सकाळीच विहारात गेल्या. दर पौर्णिमेला पोराच्या नावानं भोजनदान द्यायचं, ही त्यांची अलीकडची रीत. गडबडीत त्यांचा फोन चार्जिंगलाच राहिला होता. माणिकराव त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. पान गेलं होतं. निळ्या खुणाही पडल्या होत्या.

चहा निवून गेला. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

मग जनकाबाईंचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, प्रसेनजित.

माणिकरावांना रडू फुटलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पोरानं आपणहून फोन केला होता, तोही बापासाठी. आधी आवाज ऐकायचा, मग बोलायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी फोन घेतला आणि कानाला लावला.

"आई?"

आवाज सारिकाचा होता. सून हमसून हमसून रडत होती.

"आई, आत्ता अंक पाह्यला. तुम्ही काही बोलू नका, नुसतं ऐका."

त्याच्याकडं फोन दे, असं माणिकरावांना म्हणायचं होतं. हुंदक्यात ते अडकलं.

"बाबांना शेवटपर्यंत कळू नाही दिलं तुम्ही. ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात इथं अपघात झाला, आणि तुम्ही त्यांच्या उशाशी हसऱ्या तोंडानं बसून राह्यल्या. मीही रोज याच फोनवर अंक उघडत राह्यले, बाबांना बरं वाटावं म्हणून. आता कोणापासून लपवायचं, आई? राजकुमारभाऊंना सांगा, आता प्रसेनजितचंही निधन आपल्या पेपरात छापून टाका."