कासवाचे भाऊबंद

भावाभावांची सामाईक विहीर खोल करताना काळ्या खडकाखाली दगड झालेलं जुनं कासव निघालं. ते माझ्या बाजूचं, असं वनाआबा मजुरांना सांगत होते. माझ्या बाजूचं, असं धाकटे झुलालनानाही मजुरांनाच. नानांनी बांध हातभर सरकवला, या संशयावरून दोघांचं बोलणं वर्षानुवर्षं बंद होतं. विद्यापीठातून आलेल्या मॅडमनी ब्रशने कवच झाडलं. “आबा, याचे जवळचे भाऊबंद समुद्रापार, मादागास्करला सापडलेत.” “मंग हाई तठून पोहत उनं का?” “नाही, आपली जमीनच तिकडून तुटून सरकत सरकत इकडे आली. अजूनही सरकतेय.” आबांनी पायाखाली पाहिलं, कपाशीकडे पाहिलं, मग बराच वेळ बांधाकडे. टोपी काढून डोकं खाजवलं. विचारावं कुणाला, ते कळेना. शेवटी त्यांनी पलीकडे उभ्या असलेल्या भावालाच हाक मारली, “झुलाल, बठ्ठं वावरच सरकनं, मंग आपला बांध कोनी सरकाडा रे?”