योर्गेनची आई काय म्हणते

"हसतोस काय, उपेंद्र? ती काय म्हणतेय ते कळलं का तुला?"

इरावतीनं घास हातातच धरून विचारलं. आयर्लंडमधल्या डंडॉकच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी होती. डब्याला टेकवलेल्या फोनवरच्या व्हिडिओत योर्गेन हा स्वीडिश यूट्यूबर नेहमीसारखा एका सिनेमाची इंग्रजीत पिसं काढत होता, आणि नेहमीसारखीच त्याची म्हातारी आई दार उघडून स्वीडिशमध्ये काहीतरी विचारून गेली होती.

"कळलं तर मजाच जाईल, यार. ग्रँड असतं हे."

योर्गेन त्या वाक्याचं भाषांतर कधी देत नसे. आईला एका शब्दात उत्तर द्यायचा आणि सिनेमाकडे वळायचा. मग जगभरातले चाहते भाषांतरं रचायला बसायचे. 'राजाचा फोन आलाय, मोजे परत मागतोय.' 'मी बँक लुटायला निघालेय, येताना दूध आणू का?' दोन वर्षं दर शुक्रवारी हा खेळ चालला होता आणि त्यात उपेंद्रचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुण्यात त्याच्या विनोदांना कुत्रंही विचारत नसे. डंडॉकमध्ये तर मुळात बोलायलाच चार माणसं. पण शुक्रवारी ब्राझीलपासून जपानपर्यंतची मंडळी त्याच्या वाक्यासाठी ताटकळायची. त्याच्या आठवड्यात दुसरं फारसं काही घडत नसे, हेही सांगून टाकायला हवं.

स्वीडिश चाहते तेवढे या खेळात उतरत नसत. प्रत्येक भाषांतराखाली एक लाल बदामाचं चिन्ह ठेवून गप्प बसत. थंड देशातली माणसं, विनोद पोचायला वेळ लागत असेल, असं उपेंद्रचं मत होतं.

इरावती आयर्लंडला येण्याआधी चार वर्षं गोथेनबर्गला नोकरी करत होती. तिनं तो तुकडा पुन्हा लावून ऐकला.

"ती म्हणतेय, 'माफ करा, माझा मुलगा घरी कधी येणार, ठाऊक आहे का तुम्हाला?' आणि तो म्हणतोय, 'लवकरच.'"

"अगं, पण मुलगा तर तोच आहे."

"तेच सांगतेय मी."

उपेंद्रनं मागचे आणखी पाच भाग लावले. वाक्य तेच होतं. उत्तरही तेच.

आता खरी पंचाईत पुढेच होती. शंभराव्या भागानिमित्त चाहत्यांनी निवडक भाषांतरांची एक पुस्तिका केली होती. त्यातली निम्मी वाक्यं उपेंद्रची होती. मुखपृष्ठावर म्हातारीचं चित्र होतं, डोक्यावर मुकुट आणि हातात झारा. त्याच सकाळी मोठ्या हौसेनं त्यानं ती योर्गेनला पाठवून दिली होती.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा तसाच ठेवून तो लिहायला बसला. आम्हाला ठाऊक नव्हतं. माफ कर. ती पुस्तिका उघडू नकोस. माझी सगळी वाक्यं मी आजच पुसून टाकतो. हे लिहिताना त्याला योर्गेनचं वाईट वाटलं आणि स्वतःचंही, कारण आपले शुक्रवार संपले हे त्याला कळून चुकलं होतं.

उत्तर पाचच्या सुमारास आलं.

'काही पुसू नकोस. इथल्या लोकांना सगळं ठाऊक आहे. तुम्हाला सांगू नका, असं मीच त्यांना विनवलं होतं. कळलं असतं तर तुमचा हात आखडला असता. मी "लवकरच" म्हटलं की ती खिडकीशी जाऊन बसते आणि रस्त्याकडे बघत राहते. मग मी तुमची वाक्यं तिला स्वीडिशमध्ये वाचून दाखवतो. ती पोट धरून हसते, आणि तेवढा वेळ मुलाची वाट बघायची विसरते.'