सत्तावीस इंच

"बावीस पाहिजेत. हे सत्तावीस भरतायत." मेघनाने खुर्चीवर टेप पुन्हा आडवी लावून रुंदी पाहिली. "कोणी केलं हे?"

कोलशेतच्या त्या वर्कशॉपमधले सगळे एकदम कामाला लागले. मालक रत्नदीप तर न वाजलेला फोन कानाला लावून बाहेर सटकला. खुर्ची साधीसुधी नव्हती हो! राष्ट्रपतींसाठी नवीन विमान बनतंय, त्यातल्या बैठकीचा हा नमुना. पास झाला तर दिल्लीला, नापास झाला तर कटर लावून भंगारात. आणि चार महिने खपून तो बनवणारे महिपतकाका या तीस तारखेला रिटायर होणार होते. त्यांचं हे शेवटचं काम.

"मी केलं, मॅडम," काका म्हणाले.

"ड्रॉइंग वाचता येत नाही?"

"येतं ना. पण ड्रॉइंगमधला माणूस पाय खाली सोडून बसलाय. आपल्याकडे दहा-बारा तास कोण बसतं असं? पाय सुजतात."

मेघना विमान कंपनीची तपासनीस. तिला असली कारणं चालत नसत. तिने पिशवीतून नापासाचा लाल स्टिकर काढला. काकांचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात दारात त्यांची बायको, गंगुबाई, डबा घेऊन उभी. "अहो, टेन्शनमध्ये डबा ओट्यावरच राहिला तुमचा!" मग तिला स्टिकर दिसला. "अगं बाई, नापास? तरी मी बोललेले यांना. मला जमिनीवर मांडी घालायला लावून या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत टेप धरलेली. म्हटलं, मी काय राष्ट्रपती आहे?"

मेघनाने हसू दाबलं. "बसून दाखवा, मावशी."

"मी? ह्याच्यावर?"

गंगुबाईने चपला दाराबाहेर काढल्या, पदराने तळवे पुसले आणि कडेला जेमतेम टेकली. आयुष्यात ती विमानात बसली नव्हती. दोन मिनिटं गेली. मग सवयीने एक पाय वर आला, पाठोपाठ दुसरा. ऐसपैस मांडी बसली. "आई गं," म्हणत तिने डोळे मिटले. काका तिच्याकडे इतक्या मायेने बघत होते, की मेघनालाच नजर वळवावी लागली.

"जरा उठता?" मेघना म्हणाली. तिने स्वतःचे बूट काढले आणि खुर्चीत मांडी घालून बसली. हळूच पाठ मागे टेकली. "माझी आई डॉक्टरकडेसुद्धा अशीच बसते," शेवटी तिने सांगून टाकलं.

लाल स्टिकर पिशवीत परत गेला.

"पास करायचा अधिकार मला नाही, काका. पण आहे तशी दिल्लीला पाठवते, भंगारात नाही जाणार. फक्त फॉर्मवर लिहावं लागेल, बदल कोणाच्या सांगण्यावरून केला."

काकांनी बायकोकडे बोट दाखवलं. मेघनाने लिहिलं : गंगुबाई, वर्तकनगर.

गंगुबाई फॉर्मवर वाकली. "आणि हेपण लिही गं पोरी. मांडी सोडल्या सोडल्या लगेच उठायचं नाही म्हणावं. पायाला मुंग्या येतात, धडपडायला होतं."