एका दाराची स्वयंपाकघरं

चपला बाहेर काढून चंद्रभानजी कॉम्प्युटरच्या खोलीत आले, तेव्हा उत्तरा यंत्र सुरू करून बसली होती.

"आज होईन म्हणता?" त्यांनी विचारलं.

"शेवटची फ्लॉपी राहिली, काकाजी. धरमपेठेची. ती वाचून झाली की तुमचा प्रश्न विचारू."

ते खुर्ची ओढून बसले.

उत्तरा कॉलेजात आर्किटेक्चर शिकवायची. नागपुरातल्या चारशे घरांचे नकाशे तिनं आकड्यांत उतरवायला घेतले होते. प्रत्येक खोलीला एक आकडा, आतल्या-बाहेरच्या प्रत्येक दाराला एक. मग ओसरीतून थेट देवघरात जाता येतं अशी घरं कुठली, असं विचारलं की यंत्र ती शोधून देणार. मंजुरीचे नकाशे तिनं घेतलेच नव्हते. कागदावरचं घर वेगळं आणि बांधलेलं वेगळं, म्हणून एक्क्याऐंशी साली विद्यार्थ्यांनी घरोघर फीत लावून मोजमापं आणली होती. ती वाचायला मुरलेला माणूस हवा होता. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेले चंद्रभानजी दोन वर्षांपासून रोज सायकलनं येत होते.

त्यांचा प्रश्न एकच होता. स्वयंपाकघराला एकच दार आहे अशी घरं किती? ती यादी घेऊन ते महापालिकेत जाणार होते. दुसरं दार असल्याशिवाय नकाशा मंजूर करू नका, एवढंच त्यांना मागायचं होतं. हाच प्रश्न का, असं उत्तरानं सुरुवातीला विचारलं होतं. "असंच," म्हणून त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं होतं.

गोपिका, त्यांची एकुलती एक लेक, धरमपेठेत दिली होती. ब्याऐंशीच्या जानेवारीत स्टोव्हचा भडका उडाला. स्टोव्ह दाराशी, ती आत. बाहेर पडायला दुसरी वाटच नव्हती, असं जावई मनोहरराव त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडत सांगत होते. तेराव्या दिवशी चंद्रभानजी पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात गेले. काळ्या पडलेल्या भिंती खरवडून नवा गिलावा केलेला होता. दार एकच.

लग्न जुळवताना ते त्या घरी दोनदा गेले होते. बैठकीत बसले, उजेड चांगला आहे म्हणाले, चहा घेतला आणि उठले.

"साऱ्या दुनियेची घरं काढली तुमी," रुखमाबाई, त्यांची बायको, एकदा म्हणाली. "पोरीचं सैपाकघर तेवढं पाह्यलं नाही." पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटे.

गेल्या वर्षी मनोहरराव दुसऱ्या लग्नाचं विचारायला आले. चंद्रभानजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"करा, मनोहरराव. तुमचा काही दोष नाही. मी नकाशेवाला माणूस, मलेच दिसाले पाह्यजे होतं. फक्त सैपाकघराच्या मांगच्या भिंतीत एक दार पाडून घ्या."

मनोहरराव जमिनीकडे पाहत "हो बाबूजी" म्हणाले.

लग्नात चंद्रभानजींनी अक्षता टाकल्या. मनोहररावांच्या नव्या बायकोला लेक मानून साडी दिली.

धरमपेठेचा गठ्ठा मात्र त्यांच्याच्यानं उघडवला नाही. गठ्ठ्यावरच्या यादीत गोपिकाच्या घराचा आकडा, एकशे अठरा, तेवढा त्यांनी पाहिला होता. "हा तुमी भरा," ते उत्तराला म्हणाले होते. "माहे डोळे दुखून राहिले." तिनं तो भरला.

आता प्रिंटर करकरत सुरू झाला. कागदाची पट्टी हळूहळू बाहेर आली.

"सेहेचाळीस घरं, काकाजी."

चंद्रभानजींनी चष्मा पुसला आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत यादी वाचली. खालपर्यंत गेले, पुन्हा वर आले. तिसऱ्यांदा वाचली.

"एकशे अठरा राह्यलं," ते म्हणाले. "धरमपेठेतलं."

उत्तरानं आकडा दाबला. पडद्यावर हिरव्या अक्षरांच्या चार ओळी उमटल्या. "त्यात नाही येणार ते. त्या स्वयंपाकघराला दोन दारं आहेत. एक माजघरात, एक मागच्या अंगणात."

"भरताना चुकलं असन."

"तुम्ही पाहिलंय ते घर?"

"गेलतो एकडाव," चंद्रभानजी म्हणाले. "एकच दार आहे."

उत्तरानं कपाटातून गठ्ठा काढला, मूळ कागद शोधला आणि त्यांच्यापुढे ठेवला. पेन्सिलीनं काढलेला, कडेला बारीक अक्षरांत मापं लिहिलेला.

"हे माझंच अक्षर आहे, काकाजी," ती हसून म्हणाली. "शिकत होते तेव्हा हे घर मीच मोजलं होतं. एक्क्याऐंशीचा मे महिना होता. मागच्या अंगणात फीत धरून उभी होते आणि उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या त्या दारातून घरची सून धावत बाहेर आली. मला धरून सावलीत बसवलं, गूळपाणी दिलं. माझ्या हातातला हा कागद पाहून म्हणाली, 'माहे बाबूजी बी नक्शेच काढतात.'"